दोनमिनिटे आणि पहिलं पाणी

आमच्या ह्यांना लॅबमध्ये सगळे ‘दोनमिनिटे’ म्हणतात, आडनाव असल्यासारखं. नवी आलेली एक पोरगी तर वर्षभर ‘दोनमिनिटे सर’ म्हणत होती आणि हे खुशाल ओ देत होते. सत्तावीस वर्षं ह्यांनी पाण्याचे नमुने गोळा केले. शाळा, हॉटेलं, दवाखाने, कारखाने. नळ उघडायचा, दोन मिनिटं पाणी वाहू द्यायचं, मगच बाटली धरायची. पिण्याच्या पाण्याची पद्धतच तशी आहे. घरीसुद्धा तेच. प्यायला पाणी मागावं तर हे नळ सोडून उभे. जित्याची खोड, दुसरं काय म्हणणार.

मग हा लिजिओनेला नावाचा जंतू आला. पाणी पिऊन नाही, श्वासातून लागतो मेला. कोमट पाण्याच्या टाकीत, शॉवरच्या जाळीत घर करून बसतो. शॉवर सोडला की बारीक तुषारांबरोबर थेट छातीत, आणि म्हाताऱ्या माणसाला न्यूमोनिया. त्याचा नमुना घ्यायचा तर पहिलं पाणी लागतं. रात्रभर पाइपात बसलेलं, एक थेंबही आधी न सोडलेलं. म्हणजे ह्यांनी जन्मभर केलं त्याच्या बरोबर उलटं. ह्यांनी रीतसर प्रशिक्षण घेतलं, प्रत्येक बाटलीवर लाल पेनाने ‘पहिलं’ असं लिहायला लागले. मी हसायची. आता हसू येत नाही.

माझी आत्या वृद्धनिवासात राहते, तिसऱ्या मजल्यावर. ह्या वर्षी तिथे दोघांना न्यूमोनिया झाला, त्यातले एक आजोबा गेले. शॉवर बंद केले, टाकी तापवली, औषध टाकलं. दहा दिवस सगळी म्हातारी माणसं ओल्या फडक्याने अंग पुसत होती. आत्या फोनवर मेट्रनच्या नावाने बोटं मोडायची. “माणूस आहे का टेबल, फडक्याने पुसायला?” म्हणायची. आता पाणी तपासायचं आणि स्वच्छ निघालं की शॉवर उघडायचे, असं ठरलं. नमुने घ्यायला आमचे हे गेले.

पूर्वी ह्या जंतूचा निकाल यायला दहा दिवस लागायचे. काचेच्या ताटलीत तो वाढायची वाट बघत बसायचं. आता झटपट चाचणी आली आहे. पाणी बारीक जाळीतून गाळतात, जाळीवर अडकलेलं यंत्रात घालतात आणि चार-पाच तासांत यंत्र सांगतं, जंतूची खूण आहे का नाही. हे नेहमी म्हणतात, यंत्र हुशार आहे, पण बाटलीत जे असेल तेच त्याला दिसणार.

त्या दिवशी साडेअकराला नमुने घेऊन, लॅबमध्ये देऊन, साडेबाराला हे जेवायला घरी आले. मला दिसलं, पँटचा डावा पाय ओला होता, आणि नुकत्याच पुसलेल्या फरशीवर पाण्याचा ओघळ. एरवी मी तोंडाचा पट्टा सोडला असता. पण बहिणीचा फोन चालू होता, म्हणून पायानेच फडकं फिरवलं आणि विसरले.

पाचला परत आले ते खुशीत. “सातही बाटल्या स्वच्छ. लॅबच्या मॅडमनी वृद्धनिवासात कळवलंसुद्धा. आत्याला म्हणावं, कर आता आंघोळ.” खुर्चीत बसले, बूट काढायला वाकले आणि तसेच थांबले. चेहरा उतरला.

“अगं,” म्हणाले, “तिसऱ्या मजल्यावर आत्या दारात येऊन बोलत होती. जावईबापू, गुडघ्याला काय लावू, मुलगा फोन करत नाही, हे नि ते. मी हो हो करत होतो. शेवटचा नमुना होता. मी पाणी आधी सोडलं का गं? हाताने काय केलं ते आठवतच नाही.”

“मला काय विचारता? मी होते का तिथे?”

“तुझ्या नजरेतून काही सुटत नाही. दुपारी माझी पँट ओली होती का? बाटली नुसती भरली असेल तर भिजायचं कारण नाही. शॉवर चालू ठेवून उभा राहिलो असेन तरच.”

मी म्हणाले, “चहा टाकते आधी.”

ओट्यापाशी उभी राहून मी काय काय विचार केला ते आज सगळं सांगते. निवृत्तीला आठ महिने राहिलेत. सत्तावीस वर्षांत एक नमुना परत आला नाही. टाकी तापवली आहे, औषध टाकलं आहे, सहा बाटल्या स्वच्छ आल्या, मग सातवीत कुठून असणार? यंत्र म्हणतं नाही, तर आपण कशाला हात दाखवून अवलक्षण करायचं? आणि आत्या तेव्हा मनात आली नाही असं म्हणाले तर माझी जीभ झडेल. आली होती. मी तिला बाजूला सारलं आणि आधण उकळायची वाट बघत बसले.

चहा दिला. ह्यांनी तो संपवला. कप खाली ठेवून परत माझ्याकडे बघायला लागले. मग माझ्याने राहवेना.

“ओली होती,” मी म्हणाले. “डावा पाय, पार पोटरीपर्यंत.”

हे उठले आणि आधी मॅडमना, मग मेट्रनला फोन केला. शॉवर सहाला उघडणार होते, घड्याळात पावणेसहा झाले होते. मेट्रन म्हणाली, “बाकी कोणी गेलं नाही हो, पण तुमच्या आत्याबाईंना कुठला दम. साडेपाचलाच तिसऱ्या मजल्यावरच्या न्हाणीघराची किल्ली मागून घेतली. झाली त्यांची आंघोळ, केस पुसत बसल्या आहेत.”

दुसऱ्या दिवशी सकाळी हे पुन्हा गेले. ह्या वेळी मॅडम स्वतः शेजारी उभ्या होत्या. त्याच शॉवरचं पहिलं पाणी घेतलं. दुपारी निकाल आला. जंतू होता. ह्यांनी लेखी कबुली दिली, वृद्धनिवासाच्या सभेत उभं राहून सांगितलं, चूक माझी, पाणी मी वाहू दिलं. त्यांना समज देणारं पत्र मिळालं. लॅबमध्ये पोरं आता ‘दोनमिनिटे’ म्हणत नाहीत, साहेब म्हणतात, आणि ते जास्त लागतं.

मग दिवस मोजणं सुरू झालं. हा जंतू दोन दिवसांत उठू शकतो, नाहीतर दहा, कधी चौदाही. हे सकाळ-संध्याकाळ फोन करायचे, “खोकला? ताप?” आत्या वैतागायची. “तुम्ही काय माझ्या मरणावर टपलात का, जावईबापू?” कुठल्या दिवशी, कुठल्या पाण्याने आंघोळ झाली ते कागदावर लिहून ह्यांनी तिच्या फाइलच्या वरच्याच पानाला टाचून ठेवलं होतं.

सहाव्या दिवशी तिला ताप चढला.

आत्या वाचली, आधीच सांगून टाकते. फाइल उघडताच डॉक्टरांना कशाचा शोध घ्यायचा ते कळलं, लगेच लघवीची झटपट तपासणी केली, आणि तासाभरात योग्य औषध सुरू झालं. एकोणीस दिवसांनी ती वृद्धनिवासात परत गेली. जिना चढताना अजून धाप लागते.

पण त्या तपासणीला पाव तास लागतो. तो पाव तास आम्ही दवाखान्याच्या बाकावर बसून होतो. हे पुटपुटत होते, “माझ्यामुळे, सगळं माझ्यामुळे.” मला ते ऐकवेना.

“तुमच्यामुळे नाही,” मी म्हणाले. “तुम्ही विचारलंत तेव्हा सव्वापाच वाजले होते. मला तेव्हाच माहीत होतं. मी तेव्हाच बोलले असते तर ती आत गेलीच नसती. मी चहा करत बसले.”

मला वाटलं, आता हे उठून दुसऱ्या बाकावर जातील.

“माहीत आहे,” म्हणाले. “चहात तू दोनदा साखर घातली होतीस. पहिल्याच घोटाला कळलं मला, ओली होती म्हणून.”

“मग फोन का नाही केलात तेव्हाच?”

“वाट बघत होतो,” हे म्हणाले. “तू ‘कोरडी होती’ म्हणशील म्हणून. कप संपेपर्यंत वाट बघितली.”