गाऱ्हाण्यातली वकिलीण

माझ्या सासूबाई एका संध्याकाळपुरत्या वकील झाल्या. त्यासाठी त्यांना कॉलेजात जावं लागलं नाही, पण सत्यनारायणाच्या पूजेत भर मांडवात जो खटला उभा राहिला, तो कुठल्याही कोर्टात शोभला असता.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. रत्नागिरीतून मिरजोळ्याकडे जाताना कातळावर आमची वसाहत नव्यानं उभी राहिली होती. चिऱ्याची घरं, अंगणात एकेक केविलवाणं नारळाचं रोप, आणि वर आभाळच आभाळ. मी गुहागरची. नारळी-पोफळीच्या सावलीतून लग्न होऊन या उघड्या कातळावर आले, तेव्हा मला पहिला प्रश्न पडला की इथली माणसं संध्याकाळी करतात तरी काय. उत्तर आठवडाभरात मिळालं. कार्यक्रम करतात.

कोजागरीचं दूध आटायच्या आधी ते कुणी ढवळायचं यावर सभा व्हायची. संगीत खुर्ची कातळावरच खेळायची, त्यामुळे दुसऱ्या दिवशी निम्म्या वसाहतीचे गुडघे औषध लावून लाल. पाककलेच्या स्पर्धेला स्पर्धक चार आणि परीक्षक नऊ, कारण चाखायला परीक्षकांनाच मिळायचं. आणि या सगळ्यावर कळस म्हणजे जानेवारीतली सार्वजनिक सत्यनारायणाची पूजा. दुपारी पूजा, मग गाऱ्हाणं, प्रसाद, हळदीकुंकू आणि संध्याकाळी नाटक.

नाटक दरवर्षी पुरुष करत. बायकांच्या भूमिकाही तेच करत. नायिकेच्या दाढीचे खुंट पहिल्या रांगेतून मोजता येत. त्या वर्षी आम्ही बायकांनी ठरवलं की नाटक आपण करायचं, आणि फार्स लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी सगळ्यांत जास्त बोलत असे. विषय सोपा होता. माड गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, या बाजूला, नारळ पडला त्या बाजूला, तर नारळ कुणाचा? दोन शेजारणी या नारळावरून कोर्टात जातात.

वाचन आमच्या पडवीत झालं. सासूबाई कोपऱ्यात बसून तांदूळ निवडत होत्या. वकिलीण वाचणारी बाई अडखळली, तसं त्यांनी सुपावरून मान वर न करता ते वाक्य पुरं केलं. सासूबाई बुटक्या, गोल, आणि आवाज असा की त्यांनी हाक मारली की रस्त्यावरची एसटी थांबेल. एकदा खरंच थांबली होती. वकिलीण कोण, हे तिथंच ठरलं.

मामंजींना ते रात्री जेवताना कळलं. उभं आयुष्य बोटीवर काढून ते नुकतेच कायमचे घरी आले होते.

"नाय," ते म्हणाले. "लोक हसतील."

"अहो, हसायलाच हवेत. फार्स आहे."

"नाटकाला हसतील ते वेगळं. तुला हसतील."

"मलाच हसायला हवेत. वकिलीण मी आहे."

"नाय म्हटलं म्हणजे नाय."

माझा नवरा मुंबईला नोकरीला, तेव्हा घरात मध्यस्थ मीच. मी सासूबाईंना म्हटलं, "आई, तुम्ही सरळ उभ्या राहा. काय करणार आहेत ते?"

त्या म्हणाल्या, "हे बोटीवर होते तेव्हा सगळं घर मी एकटीनं चालवलं. घर बांधलं, तेही न विचारता. आता माणूस घरी आलाय, तर विचारायला नको? नाहीतर त्यांना वाटेल, आपलं इथं कामच काय. त्यांनी हो म्हटल्याशिवाय मी स्टेजवर पाय ठेवायची नाही." आणि मग, आवाज खाली आणून, "पण पाठांतर सोडायची नाही."

तसं त्यांनी सोडलं नाही. स्वयंपाकघरात कुकर न्यायमूर्ती झाला. त्याची शिट्टी झाली की त्या म्हणायच्या, "महाराज, मला बोलू द्यावं." पूजा जवळ येत चालली होती, मामंजी ढिम्म हलत नव्हते, आणि सासूबाई रोज थोड्या जास्त मुकाट होत होत्या. एवढी हौस असलेली बाई मी दुसरी पाहिली नव्हती. मला ते बघवेना.

शेजारचे काका कारखान्यात फिटर होते, पण त्यांच्या गावी देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याचा. म्हणून वसाहतीतही हा मान त्यांनाच होता. हातात नारळ घेऊन ते खड्या आवाजात देवाकडे एकेक मागणं मांडत, आणि प्रत्येक मागण्यामागे सगळा मांडव एका आवाजात म्हणे, "व्हय महाराजा." या 'व्हय'मध्ये मामंजींचा आवाज सगळ्यांत मोठा. बोटीचा भोंगा वाजावा तसा. पुष्कळदा काकांचं वाक्य संपायच्या आधीच त्यांचा 'व्हय' निघालेला असे.

मी करंज्यांचा डबा घेऊन काकांकडे गेले आणि माझी कल्पना सांगितली.

"सूनबाई, गाऱ्हाण्यात खोटं चालत नाय," काका म्हणाले.

"खोटं कुठं आहे? देवाकडे मागायचं तर आहे."

काकांनी एक करंजी विचारपूर्वक खाल्ली. "मागणं चालतं," ते म्हणाले आणि दुसरी घेतली.

पूजेच्या दिवशी मांडव गच्च भरला. काका उठले.

"बा देवा महाराजा, ही सगळी लेकरं आज तुझ्या पायाशी जमलेली हायत, त्यांची सेवा मान्य करून घे रे महाराजा."

"व्हय महाराजा."

"जो कोण मुंबईला हाय, त्याला सुखरूप ठेव. जो कोण परीक्षेला बसलाय, त्याला पार कर रे महाराजा."

"व्हय महाराजा."

"आणि आज संध्याकाळी जी माऊली वकिलीण होऊन उभी राहू बघते, तिच्या घरधन्याच्या तोंडून आत्ताच्या आत्ता होकार येऊ दे रे महाराजा."

"व्हय महाराजा," मामंजी गरजले. दरवेळेप्रमाणे, सगळ्यांच्या आधी.

सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या. मग माझ्या शेजारी बसलेल्या, साताऱ्याहून बदलून आलेल्या बाई कौतुकानं म्हणाल्या, "तुमचा देव लगेच ऐकतो की."

मामंजी उभे राहिले. "मी व्हय देवाला म्हटलं. बायकोला नाय म्हटलं."

"दोघांना वेगवेगळे व्हय असतात काय?" काकांनी हातातला नारळ हलू दिला नाही.

"घरधनी म्हणालास. कुणाचा घरधनी? हितं सगळेच घरधनी बसलेत."

"वकिलीण एकच हाय."

"नाव नाय घेतलंस. मोघम गाऱ्हाणं लागू होत नाय."

"मग नाव घालून परत म्हणतो. नारळ अजून वाढवलेला नाय."

पुरुषांच्या बाजूला दोन तट पडले. मोघम गाऱ्हाणं लागू होतं की नाही, यावर ज्याच्या त्याच्या गावचे दाखले निघाले. भटजींनी दोनदा सांगितलं की प्रसाद गार होतोय. कुणी ऐकलं नाही. मला तर गुदगुल्या होत होत्या, इतकं रंगलं होतं ते.

तेवढ्यात बायकांमधून सासूबाई बोलल्या. तो एसटी थांबवणारा आवाज नव्हता. "राहू दे हो काका. चारचौघांत त्यांना अडवून घेतलेला होकार मला नको."

माझ्या गुदगुल्या थांबल्या. मामंजी त्यांच्याकडे बघत राहिले. बघता बघता त्यांनी हात पुढे केला आणि काकांकडे नारळ मागितला. काकांचा मान तो. पण काकांनी दिला.

"बा देवा महाराजा," मामंजी म्हणाले, "ही बाई दोन दिवसांआड आमटीत मीठ घालायला विसरते."

मांडवाला काय करावं कळेना, पण सवय मोठी. "व्हय महाराजा." त्यात सासूबाईंचाही आवाज होता.

"हिला आज वकिलाचं बोलणं तेवढं आठवू दे रे महाराजा."

"व्हय महाराजा."

"आणि माझा बोटीवरचा काळा कोट हिच्या पोटावर बसू दे रे महाराजा."

यावेळी 'व्हय' धड आलाच नाही. माणसं हसत होती.

देवानं पहिलं मागणं ऐकलं, दुसरं नाही. कोटाची बटणं लागेनात. सासूबाई तो तसाच उघडा टाकून, बाह्या दुमडून उभ्या राहिल्या आणि समोरच्या शेजारणीला आणि साक्षीदाराला असं उभं-आडवं घेतलं की साताऱ्याच्या बाई हसता हसता खुर्चीवरून घसरल्या. न्यायमूर्तींनी नारळाच्या वड्या करून वाटून टाकायचा हुकूम दिला. टाळ्या पडल्या.

आत येऊन घाम पुसत सासूबाईंनी मला आधी विचारलं, "हे हसले काय गो?"

मी पडद्याच्या फटीतून सारा वेळ बघत होते. मामंजी पहिल्या रांगेत, हनुवटीवर मूठ टेकून, कपाळाला आठ्या घालून बसले होते. एकदाही हसले नव्हते. मी तसं सांगितलं. सासूबाईंनी "बरं" म्हटलं आणि कोटाची घडी घालायला घेतली. ती घडी त्यांनी उलगडून पुन्हा घातली, मग पुन्हा.

सकाळी त्या चुलीपुढे घावन घालत होत्या. मामंजी चहाची कपबशी घेऊन आत आले आणि पाटावर बसले.

"तू एक मुद्दा सोडलास," ते म्हणाले.

"कसला?"

"नारळ पडला तेव्हा वारा कुठला होता, हे साक्षीदाराला विचारलंच नाहीस. रात्रभर तेच डोक्यात. वारा समुद्राकडचा असेल तर नारळ तिकडे पडणारच. मग त्यात त्या बाईचा दोष काय?"

"वाऱ्याचा काय संबंध? माड कुणाचा ते बघायचं."

"माड बघून भागतं काय? आणि गडगा आधी कुणी घातला?"

"गडगा मागाहून घातला, ते मी दुसऱ्याच प्रश्नात काढून घेतलं होतं. तुमचं लक्ष नव्हतं."

"लक्ष होतं. शब्द न् शब्द ऐकलाय मी."

सासूबाईंचा उलथण्याचा हात क्षणभर तसाच राहिला. मग त्यांचा आवाज चढला, रस्त्यापर्यंत गेला असणार. मामंजींनी जमिनीवर पाण्याच्या थेंबांनी गडगा काढला, माड काढला, वारा काढला. सासूबाईंनी वारा पदरानं पुसून टाकला. तवा करपायला लागला म्हणून मी पुढे होऊन घावन काढलं, तर दोघांनी मिळून मला बाजूला व्हायला सांगितलं.

"एवढं कळतंय, तर पुढच्या वर्षी विरुद्ध बाजूचे वकील तुम्ही व्हा," सासूबाई म्हणाल्या.

मामंजींनी बशीतला चहा संपवला. "माझी बाजू कुठली असेल?"

"हरणारी," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांच्या ताटात गरम घावन टाकलं.