यशोदाबाईंचा कोरा चहा

हिंगण्याच्या कारखान्यात मी कामगार कल्याण अधिकारी आहे. काल एका कामगाराने माझ्यापुढे गुळाचा कोरा चहा ठेवला आणि त्या वासासरशी मी यशोदाबाईंच्या ओसरीत जाऊन बसले.

समाजशास्त्राच्या एम.ए.ला असताना माझ्या मार्गदर्शक सरांनी मला संशोधनासाठी बेशाजवळच्या यशोदाबाईंच्या वस्तीत पाठवलं होतं. ती जागा एका बिल्डरला हवी होती, आणि वस्तीने ती सोडायची नाही असं ठरवलं होतं. "आधी माणसं जोड, प्रश्न नंतर," सर म्हणायचे. मी नुसता चहाच पीत राहिले. एका दुपारी यशोदाबाई आपणहून म्हणाल्या, "पक्कं घर भेटलं तर मी जागा सोडीन वं. पण कोणाले सांगू नको." ऐकलेलं सगळं मार्गदर्शकाला सांगायचं, ही आमची शिस्त. मी फक्त सरांना सांगितलं.

बिल्डरने वस्तीत घेतलेल्या पुढच्या बैठकीत सर बिल्डरशेजारी बसले होते, त्याचे सल्लागार म्हणून! "यशोदाबाई तर तयारच आहेत," ते सगळ्यांसमोर हसत म्हणाले. अख्खी वस्ती यशोदाबाईंकडे वळली. त्या मात्र माझ्याकडे पाहत होत्या. "यासाठी येत होती काय वं चहा प्याले?"

काल चहा ठेवून तो कामगार हळूच म्हणाला, "मॅडम, एक गोष्ट आहे, तुमच्यातच ठेवजा."

"नका सांगू," मी म्हटलं.