न्हाणी कुठवर?

वामनराव वारल्याचं मला इतवारीतल्या दुकानात वायरचं बंडल घेताना कळलं. "काल सकाळी गेले, उमरेडले, लेकीच्या घरी," दुकानदार म्हणाले. बंडल तिथंच ठेवून मी बाहेर आलो... त्याला आता दीड महिना होतो आहे.

आम्ही दोघांनी अठरा वर्षं मिळून घरांच्या वायरिंगची कामं केली. ते विणकरांच्या घरातले; माग बंद पडल्यावर या धंद्यात आले. रविवारी दुपारी आम्ही चार-पाच वायरमन त्याच दुकानापुढे चहाला जमायचो आणि नियमांच्या पुस्तकातल्या एकेका शब्दावर वाद घालायचो. पुस्तक इंग्रजी, अर्थ ज्याचा त्याचा. एकदा विषय निघाला, न्हाणीत स्विच नको असं लिहिलंय खरं, पण न्हाणी म्हणायचं कशाला? आमच्याकडे ती बहुधा स्वयंपाकघरातलाच एक कोपरा. भिंत ना दार. मी म्हटलं, भिंत नाही तर खोली नाही, आणि खोली नाही तर नियमही नाही. वामनराव शांतपणे म्हणाले, "पानी जिथवर उडते गा, तिथवर न्हानी." मग पोरं आंघोळीला बसली की सगळं घरच न्हाणी, असं मी म्हणालो आणि सगळे हसले. तेही हसले. पुढे कित्येक वर्षं हा किस्सा मी त्यांच्यासमोरच रंगवून सांगत आलो.

त्या वादाच्याच आठवड्यात हुडकेश्वरच्या एका घरी मी न्हाणीच्या कोपऱ्यापासून हातभर अंतरावर स्विच बसवला. घरची मंडळी तेव्हा गावाला, कुहीला गेली होती; कोणी काय बसवलं ते त्यांनी पाहिलं नव्हतं. थोडा लांब घेऊ, असं वामनराव एकदा म्हणाले. मी ऐकलं नाही.

परवा त्याच घरी पंखा दुरुस्त करायला गेलो. स्विच जागेवर नव्हता, स्वयंपाकघराच्या दाराच्या पलीकडे होता. जुन्या जागी सिमेंटचा चौकोन. विचारलं, तेव्हा घरच्या बाईंनी सांगितलं. स्विच बसवल्यावर महिनाभरातच ओल्या हातानं बटण दाबताना त्यांना झटका बसला, त्या फेकल्या गेल्या, मनगट मोडलं. यजमान दुकानावर सांगायला आले, तेव्हा तिथं वामनराव होते. ते तसेच सायकलवर निघाले आणि अंधार पडायच्या आत स्विच हलवून गेले.

"'माही चूक झाली, बाई,' म्हने. हात जोडले त्यायनं. लय सरळ मानूस, भाऊ."

म्हणजे त्यानंतरही दर वेळी माझा किस्सा ऐकून ते हसत होते... मी स्टुलावरून उतरलो. म्हणालो, "बाई, तो स्विच मी बसवला होता."

त्या म्हणाल्या, "त्यायले कधी बोलले का तुमी, चूक माही होती म्हनून?"

झटक्याचं मला माहीतच नव्हतं, असं म्हणता आलं असतं. पण लांब घेऊ, हे वामनरावांचं म्हणणं माझ्या कानांवर पडलं होतं. मी नुसती नकारार्थी मान हलवली. त्या चहा ठेवायला वळल्या. मी भिंतीपाशी गेलो, त्या चौकोनावर हात ठेवला. सिमेंट फार निगुतीनं घोटलेलं होतं.