बाळारामांनी बुजवलेली वाट

शहापुरात एसटी स्टँडच्या मागं बाळारामांचं सायकलचं दुकान आहे. दुकान कसलं, चार पत्रे, पाण्याचं घमेलं आणि हवा भरायचा एक पंप. पण पंक्चर काढायला बाळाराम आणि फुकटचा सल्ला द्यायलाही बाळारामच.

त्यांचं खरं काम मात्र दुकान उघडायच्या आधीच होऊन जायचं. त्यांच्या पाड्यावरून ओढ्याच्या कडेनं शाळेकडे एक वाट येते. तिच्यावरचे खड्डे ते रोज सकाळी मुरूम टाकून बुजवायचे. बावीस वर्षं! कोणी विचारलं तर म्हणायचे, "व्यायाम होतो." कारण वेगळंच होतं. त्यांची लेक वंदना आठवीत असताना याच वाटेवर सायकलवरून पडली, हात मोडला. तेव्हा बाळाराम म्हणाले होते, "उद्यापास्नं घरी." वंदनाची शाळा तिथंच सुटली. ते बोलणं त्यांच्या मनाला आजही खातं.

यंदा नगरपंचायतीकडे सायकलमार्गांसाठी निधी आला. कुठल्या वाटा घ्यायच्या ते ठरवायला एक साहेब येणार होते. साहेब येणार म्हटल्यावर आपल्याकडे जे होतं तेच झालं! आदल्या दिवशी बाळारामांनी झाडून सारे खड्डे बुजवले, वर पाणी मारून चोपले. बायांनी कडेचं गवत काढलं. पाहुणा यायचा आणि घरात पसारा ठेवायचा, हे जमतं का कुणाला? साहेब आले, खूश झाले आणि "वाट सुस्थितीत, निधीची गरज नाही" असं लिहून गेले.

हे कळल्यावर बाळारामांनी कपाळावर हात मारला. एवढा शहाणा माणूस, पण आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतला होता. ते तडक कार्यालयात गेले.

"साहेब, ती वाट चांगली नाय. मी रोज चांगली करतो. पन मी अजून किती वर्सं पुरनार?"

साहेब माणूस बरा होता. म्हणाला, "आठ दिवस हात लावू नका. मी पुन्हा येऊन बघतो."

आठ दिवस बाळारामांना जड गेले. सकाळी जाग यायची आणि ते रिकाम्या घमेल्याकडे बघत बसायचे. सहाव्या दिवशी नात रेश्मा, वंदनाची नववीतली लेक, सायकल ढकलत दुकानात आली. गुडघा फुटलेला, हँडल वाकडं. बावीस वर्षं जे टाळलं, ते या वेळी त्यांनी जाणूनबुजून होऊ दिलं होतं. जखम धुताना तेच जुनं वाक्य जिभेवर आलं. त्यांनी ते गिळलं.

"उद्या जाशील कशी गो?"

"सायकलनंच. पन आजोबा, खड्डा भरू नका हां. साहेब येऊ दे."

त्यांनी हँडल सरळ केलं, चाक फिरवून पाहिलं आणि सायकल तिच्या हातात दिली.

ठरल्या दिवशी साहेब आले. त्या खड्ड्यात त्यांची मोटारसायकल अशी आपटली की बाळारामांना काही सांगावंच लागलं नाही. साहेबांनी तिथंच उभं राहून वाट यादीत घातली.

"पण काम व्हायला वर्ष जाईल, बाबा."

"जाऊ दे. तवर मी हाय," बाळाराम म्हणाले आणि फावडं आणायला वळले.