अप्पांची फुंकर

मी लातूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. मेण कशाने वितळतं हे मी बावीस वर्षं फळ्यावर लिहीत आलो आहे. तरीही एका श्रावणी सोमवारी मी तव्यावरून नुकत्याच उतरलेल्या शंभर पुरणपोळ्या मेणाच्या फडक्यांत बांधल्या, आणि दोष विश्वनाथअप्पांवर ढकलला. पहिली चूक घाईची होती. दुसरी घाईची नव्हती. हे लिहितो आहे ते त्या दुसरीसाठी.

अप्पा आमच्या कॉलनीत महादेवाच्या मंदिराला लागून राहायचे. मूळचे उदगीरचे, सगळा जन्म कापडाच्या दुकानात गेला. दुकान थोरल्याकडे सोपवून धाकट्याकडे लातूरला आले, तेव्हा सोबत कटपीसची दोन गाठोडी घेऊन आले. आमची पहिली भेट झाली ती आम्ही नवीन घरात सामान लावत होतो तेव्हा. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, अंगात पांढरा सदरा, असा एक अनोळखी माणूस सरळ स्वयंपाकघरात आला. ओट्यावर अर्धं कापलेलं लिंबू उघडं पडलं होतं. त्यांनी खिशातून एक पिवळट फडकं काढलं, लिंबावर ठेवलं आणि दोन्ही तळव्यांत धरून दाबत उभे राहिले.

"आपण कोण?" मी विचारलं.

"आधी लिंबू वाचवू. वळख मागून व्हतीच."

तळहातांच्या उबेने फडकं मऊ झालं आणि लिंबाच्या अंगाला गच्च बसलं. मग ते म्हणाले, "मी विश्वनाथ. शेजारी. झाकलं की टिकतंय, सर."

ही फडकी ते स्वतः करत. इस्लापूरकडच्या एका मध काढणाऱ्याकडून मेण मागवायचे. ते किसून सुती कापडावर पसरायचं, त्यात थोडी राळ, थोडं करडीचं तेल, वर कागद ठेवून इस्त्री फिरवायची. घरभर मधाचा वास सुटायचा. खिडकीतून चार-पाच मधमाश्या यायच्या आणि इस्त्रीच्या टेबलावर फेऱ्या मारायच्या. सून संगीता हातात झाडू घेऊन धावली की अप्पा तिला अडवत, "राहू दे. माहेर हाय त्यांचं."

संगीताकडे प्लास्टिकच्या चिकटणाऱ्या कागदाची गुंडाळी होती. तिच्यात आणि अप्पांच्यात एवढाच वाद. अप्पा तो कागद हातात धरून मला दाखवत, "बघा सर, वाटीला धरंना, सवताच्याच गळ्यात पडून रडून राहिलाय."

उघडं काही दिसलं की त्यांचा हात खिशात गेलाच. टँकरच्या गळक्या पाइपाला त्यांनी फडकं गुंडाळलं होतं. एका लग्नात एक पाहुणे हातात प्लेट धरून राजकारणावर बोलत होते. अप्पांनी मागून जाऊन त्यांच्या अर्ध्या वड्यावर फडकं बसवलं. पाहुणे चमकले. अप्पा म्हणाले, "बोलणं व्हऊ द्या. वडा कुठं पळत न्हाई आता."

मला त्यांनी एकच नियम तीनदा सांगितला होता. "हाताची ऊब बस हाय त्याला. आगीची दावली की गेलं."

श्रावणातल्या सोमवारी मंदिरात पुरणपोळीचा प्रसाद असतो. अप्पांच्या उदगिरी तोंडात ती होळगी. पोळ्या अप्पांच्याच अंगणात होतात, कारण कॉलनीत तेवढं मोठं अंगण दुसरं नाही. दरवर्षी त्या प्लास्टिकच्या कागदात बांधल्या जायच्या आणि दुसऱ्या दिवशी तो कागद मंदिरामागच्या गायी चघळत बसायच्या. अप्पांनी समितीचे अध्यक्ष भुजंगराव यांच्यामागे लागून लागून एक सोमवार मिळवला.

"एकच सोमवार," भुजंगराव म्हणाले. "फसलं तर पुन्हा फडक्याचं नाव काढायचं न्हाई, अप्पा."

अप्पांनी अख्खा आषाढ इस्त्री केली. कटपीस संपले तेव्हा स्वतःची दोन धोतरं फाडली. शेवटी सहा फडकी कमी पडली, तर संगीताने आपली एक फुलाफुलांची ओढणी न बोलता टेबलावर आणून ठेवली. अप्पा ती ओढणी घेऊन माझ्याकडे आले होते. नुसती दाखवायला. "सूनबाईनं दिली," एवढंच म्हणाले आणि परत गेले.

बांधायचं काम माझ्याकडे होतं, कारण मी सायन्सचा. त्या सकाळी अप्पांनी पूजेला बसण्याआधी मला बजावलं, "होळग्या गार. पार गार. मगच बांधा." मग आतल्या खोलीत जाऊन त्यांनी गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेतलं. एकदा लिंग तळहातावर आलं की छप्पर कोसळलं तरी अप्पा बोलत नसत, की जागचे हलत नसत. दार उघडं होतं. ते मला दिसत होते, मी त्यांना.

पंधरा मिनिटांत भुजंगराव आले. "सर, लाइन रस्त्यावर गेली. लोकं ताटकळून राहिलेत."

"अजून गरम आहेत."

"सायन्सचे सर तुम्ही! एवढ्यानं काय वितळतंय का?"

मोठ्या आवाजात बोलणाऱ्या माणसाला मला कधी नाही म्हणता आलेलं नाही. शिवाय 'सायन्सचे सर' म्हटलं की मला थोडं बरंही वाटतं. मी एका पोळीला बोट लावलं, विचार केल्यासारखं केलं आणि म्हणालो, "चालेल."

पहिली पोळी बांधली तशा आत अप्पांच्या भुवया वर गेल्या. दुसरीला त्यांनी ओठांचा चंबू केला. फू. तिसरीला पुन्हा, फू, फू. डावा हात दगडासारखा स्थिर, आणि तोंडाने फुंकर.

पोळ्या लाटणाऱ्या शकुंतलाकाकू म्हणाल्या, "अप्पांचा प्राणायाम आज लई जोरात हाय!"

सगळे हसले. मीही हसलो. पण मला कळलं होतं. गार होऊ द्या, असं ते सांगत होते. हे दुसऱ्या कुणालाही कळण्याचं कारण नव्हतं, कारण नियम फक्त मला सांगितला होता. मी दाराकडे पाठ केली आणि उरलेल्या सत्त्याण्णव बांधल्या.

पोळ्या उघडल्या तेव्हा चमकत होत्या. पहिली चार माणसं खूश झाली. "यंदा तूप सढळ हाय," असं म्हणून त्यांनी मोठा घास घेतला. मग बोलणं थांबलं. शकुंतलाकाकूंची कवळी वर-खाली चिकटून बसली. त्यांना गप्प बसलेलं कॉलनीने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. भुजंगरावांनी तोंडातून एक तुकडा बाहेर काढला आणि उजेडात धरला. पोळीला चिकटून फाटून आलेली संगीताची ओढणी होती.

"सर, ह्या होळगीत फुलं हायेत!"

मग त्यांचा आवाज चढला. "गरम बांधायला सांगितलं कुणी?"

स्वतः त्यांनीच सांगितलं होतं, पण ते विचारत होते माझ्याकडे बघून, आणि सगळी लाइन माझ्याकडे बघत होती. "अप्पांनी खुणावलं," मी म्हणालो. "आतून. बांधा म्हणून."

त्याच वेळी पूजा उरकून अप्पा उंबऱ्यात आले. त्यांनी ते ऐकलं.

"हाव," ते म्हणाले. "मीच खुणावलो. सरांची काय चूक न्हाई."

पुढच्या सोमवारी प्लास्टिकची गुंडाळी परत आली. कॉलनीतली पोरं त्यांना मेणअप्पा म्हणू लागली. अप्पा घरोघर जाऊन फडकी गोळा करून आले आणि अंगणात बसून थंड पाण्याने एकेकाला चिकटलेलं पुरण नखाने काढत राहिले. भोवती मुंग्यांच्या रांगा. मी मदतीला गेलो तर त्यांनी मला बसायला पाट दिला आणि संगीताला चहा ठेवायला सांगितलं. त्या दिवसाबद्दल एक अक्षर नाही. मी तोंड उघडलं की ते पावसाचं काहीतरी काढत.

उलट आठवड्याला एक अर्धं लिंबू फडक्यात बांधून ते माझ्याकडे पाठवू लागले. ते खाणं मला जमेना, टाकणंही जमेना. फ्रीजमध्ये लिंबं साठत गेली. एक दिवस बायको कंटाळून म्हणाली, "एक तर माफी मागा, न्हाई तर मला लोणचं घालू द्या."

झाकलं की टिकतंय, हे अप्पांचं म्हणणं मी स्वतःवर पडताळून पाहिलं. माझं खोटं वर्षभर जसंच्या तसं ताजं राहिलं.

पुन्हा श्रावण आला. तो संपला की अप्पा मुलीकडे देगलूरला कायमचे राहायला जाणार होते. सोमवारी अंगणात पोळ्या होत होत्या. भुजंगराव गुंडाळीचं टोक शोधत होते, आणि आधी बांधलेल्या पोळ्यांना प्लास्टिकच्या आत घाम फुटला होता. आत अप्पा लिंग हातावर घेऊन बसले होते. पूजेत ते मला उत्तर देणार नाहीत, हे धरूनच मी ती वेळ निवडली होती. भित्रेपणा काही पूर्ण गेला नव्हता.

"सगळ्यांना एक सांगायचंय," मी मोठ्याने म्हणालो. शकुंतलाकाकूंचं लाटणं थांबलं. "गेल्या वर्षी लाइन फार मोठी होती, आणि भुजंगरावांनी घाई केली, म्हणजे मी काही मुद्दाम..."

"माझं नाव कशाला?" भुजंगराव म्हणाले.

"नाही, तसं नाही, परिस्थितीच अशी होती की..."

आतून आवाज आला. फू.

मी दाराकडे पाहिलं. डावा हात स्थिर होता, भुवया वर होत्या, ओठांचा चंबू. फू. या वेळी मी पाठ केली नाही. गार होईपर्यंत थांबलो. तव्याखालचा जाळ तेवढा तडतडत होता. माझा श्वास ठिकाणावर आला तसा मी उंबऱ्यापर्यंत गेलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो,

"अप्पा, तुमची फुंकर मला तेव्हाच कळली होती. कळूनही मी पाठ फिरवली, आणि तुमच्या नावावर खोटं बोललो. चूक माझी होती. मला माफ करा."