तेल उतरलं की गाद्या गच्चीवर

जगाच्या बाजारात कच्चं तेल उतरलं, की आमच्या खारघरच्या सोसायटीच्या गच्चीवर गाद्या उन्हात पडतात. त्या गाद्या शेजारच्या खालांच्या; खाला म्हणजे मावशी, सगळी सोसायटी त्यांना तसंच म्हणते. या दोन गोष्टींचा संबंध मला परवा कळला.

खाला रायगडच्या किनाऱ्याकडच्या. त्यांच्या गावची पोरं आखातात क्रेन चालवतात, पाइप जोडतात. खाला बोलतात ते हुकूम सोडल्यासारखं. लिफ्टमध्ये कुणाची चप्पल मळलेली दिसली, तरी 'धुवा ती' म्हणतात, आणि माणूस खरंच धुतो.

परवा तेल गडगडल्याची बातमी आली. आता महागाई कमी होणार, जगाला बरे दिवस येणार, असं मी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं आणि खुशीत कपडे वाळत घालायला वर गेलो. खाला काठीनं गादी झोडपत होत्या.

"कोण येणार आहे, खाला?"

"काय म्हाईत कोन येल! तेल उतरलं की तिथली कामं बंद पडतात, भाऊ. नोकरी गेलेला पोरगा विमानातनं उतरतो, पन सरळ घरी जात नाय. आईला काय सांगू, याची लाज. मग माझ्याकडं येतो. दोन रात्री झोपतो, मग गावची गाडी पकडतो."

"तुम्ही काय सांगता त्याला?"

"काय नाय. झोपू देते."

मी खाली गेलो आणि आमची पाहुण्यांची गादी खांद्यावर टाकून वर आणली. खालांनी वाकून तिचा वास घेतला.

"खोळ काढा हिची," त्या म्हणाल्या. "धुवून आना."