बिनसावलीची दुपार

नववीला भूगोल शिकवणाऱ्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि त्यांचे तास माझ्या गळ्यात पडले. मी विज्ञानाची. सारी नोकरी जळगावच्या एकाच शाळेत प्रकाश, उष्णता, आम्लं आणि क्षार शिकवण्यात गेलेली, आणि त्या मे महिन्याच्या अखेरीला मी निवृत्त होणार होते. जाता जाता कुणी नवं काम अंगावर टाकलं की माझा पारा चढतो, तसा तेव्हाही चढला. पण सूर्य आणि पृथ्वी म्हटल्यावर तो आपलाच प्रांत, असं म्हणत मी जरा ऐटीतच वर्गात गेले.

फळ्यावर पृथ्वी काढली, कर्कवृत्त आणि मकरवृत्त आखलं आणि सांगितलं की या दोन रेघांच्या मधल्या प्रत्येक गावी वर्षातून दोन दिवस सूर्य अगदी डोक्यावर येतो. आपलं गाव या पट्ट्यात येतं. त्या दोन दिवशी भर दुपारी सरळ उभ्या वस्तूची सावलीच पडत नाही. मुलांनी ते निमूटपणे वहीत उतरवून घेतलं. मुलं काहीही उतरवून घेतात.

एकीनं मात्र पेन खाली ठेवलं. तिचे वडील प्लास्टरचं काम करणारे मिस्तरी. एरवी गप्प बसणारी ही मुलगी, पण विचारायला उभी राहिली की आधी ओढणी सारखी करायची आणि मग नेमकं वर्मावर बोट ठेवायची.

"मॅडम, आमचे अब्बा मे महिन्यातसुद्धा परांचीवर असतात. ते म्हणतात, बारा वाजता सावली असतेच. छोटी असते, पण असते. तुम्ही पाहिलंय का, सावली नसलेली?"

मी पाहिलेलं नव्हतं. तसं सांगितल्यावर वर्गात खसखस पिकली. ती हसली नाही. ती माझ्याकडे बघत राहिली, आणि तिचा पेच मला लख्ख दिसला. पुस्तक खरं मानावं तर अब्बांचे डोळे खोटे ठरत होते. अब्बा खरे म्हणावेत, तर पुस्तकात छापलेलं सगळं दुसऱ्या कुठल्या तरी मुलखाचं, आपल्या गल्लीला लागू न होणारं. चौदा-पंधरा वर्षांची मुलगी एकदा या दुसऱ्या निकालावर आली, की पुढे पाठ करून मार्क मिळवते, पण विज्ञान तिचं होत नाही. अशा पुष्कळ मुली मी पाहिल्या होत्या. हिला तसं होऊ द्यायचं नव्हतं, आणि माझ्या हातात एकच मे उरला होता. मी तिला म्हटलं, मे महिन्यात ये, दोघी मिळून बघू.

बोलून तर गेले. घरी आल्यावर विचार करायला लागले, की इतक्या वर्षांत आपण हे पाहिलं कसं नाही? उत्तर अगदी घरगुती निघालं. आमच्याकडे सूर्य डोक्यावर येतो तो मे अखेरीला आणि मग जुलैच्या मध्यावर. जुलैत आभाळ भरलेलं. आणि मे अखेरीच्या दुपारी जळगावात कोण बाहेर असतं? अकरा वाजले की दुकानांची शटरं खाली येतात, खिडक्यांना ओले पडदे लागतात, रस्त्यावर चिटपाखरू नसतं. बाहेर पडावंच लागलं तर डोक्याला रुमाल आणि खिशात कांदा. म्हणजे हा पाहुणा वर्षातून दोनदा आमच्या गावी येतो. एकदा आम्ही दारं लावून बसलेलो असतो आणि दुसऱ्यांदा त्याचंच दार लागलेलं असतं. मला हसू आलं, आणि जरा हुरहुरही लागली.

दहावीत गेलेल्यांचे जादा तास मे महिन्यात सकाळी चालतात. त्या मुलांना मी बेत सांगितला. मुख्याध्यापकांनी कपाळाला हात लावला. ऊन लागून एखादं पोर चक्कर येऊन पडलं तर निरोप समारंभाऐवजी तुमची चौकशी लावावी लागेल, असं ते म्हणाले. चुकीचं नव्हतं ते. मग गच्चीच्या जिन्यावरच्या पत्र्याखाली सगळ्यांनी बसायचं, पाण्याचे जार आणि ओले रुमाल तयार ठेवायचे आणि वेळ आली की तेवढ्यापुरतं उन्हात यायचं, या अटीवर परवानगी मिळाली. आयांनी आपापले कांदे खिशात घालून पाठवलेच. विज्ञानाच्या बाई म्हणून मी त्यावर चार शब्द बोलायला हवे होते, पण माझ्याही पर्समध्ये एक होता.

साधन म्हणून पीव्हीसी पाइपचा कमरेएवढा तुकडा घेतला. पाइपचे कारखाने असलेल्या या जिल्ह्यात तुकड्यांना काय तोटा. तो उभा केला, खाली दोन बोटं फट सोडून पांढरा कागद ठेवला. सूर्य नेमका माथ्यावर आला की उजेड पाइपमधून थेट खाली उतरेल आणि कागदावर पूर्ण गोल उमटेल, असा हिशोब. आदल्या दिवशी रंगीत तालीम घेतली तर पाइप काही केल्या सरळ दिसेना. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून गच्चीला ढाळ दिलेला असतो, हे माझ्या लक्षातच नव्हतं. पोरं कुजबुजली, नाचता येईना अंगण वाकडं. मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. दुसऱ्या दिवशी ती मुलगी घरून अब्बांचा ओळंबा घेऊन आली. दोरीला लटकणारा तो पितळी लोलक पाइपच्या चारी बाजूंनी धरून आम्ही पाइप सरळ केला.

आणखी एक तजवीज मी केली होती. माझी थोरली बहीण धुळ्याला देवपुरात राहते. धुळं आमच्या पश्चिमेला, अक्षांश जवळपास तोच. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणजे आमच्यानंतर तीनेक मिनिटांनी तिच्या डोक्यावर सूर्य यायला हवा. तिला फोन करून सांगितलं, गच्चीवर सरळ काठी उभी कर आणि बघत राहा. तिनं आधी मला अहिराणीत यथेच्छ झापलं. "आठे कुत्रं बी बाहेर निंघत नही, आन् तू माले गच्चीवर चढाडी राहिनी." मग काठी जाड हवी की बारीक, ते विचारलं.

त्या दिवशी वर्गातली निम्मीच मुलं आली. बाराला थोडं कमी असताना जिन्यात पावलं वाजली आणि डोक्याला पांढरा रुमाल गुंडाळलेले त्या मुलीचे अब्बा वर आले. जेवणाच्या सुट्टीत मुलीला न्यायला म्हणून आले होते खरे, पण त्यांची नजर सरळ पाइपकडे गेली. बारा वाजले. पाइपच्या पायथ्याशी पश्चिमेच्या बाजूला चांगली पाच बोटं सावली होती.

"मॅडम, बारा वाजले," ते नम्रपणे म्हणाले. "सावली तर आहे."

मुलगी माझ्याकडे बघत होती. मी सांगितलं की मिस्तरी, तुम्ही आयुष्यभर जे पाहिलं ते अगदी बरोबर आहे. घड्याळ साऱ्या देशाला एकच, आणि ते आपल्या पुष्कळ पूर्वेकडच्या रेखावृत्तावरून लावलेलं. त्याचे बारा वाजतात तेव्हा सूर्य आपल्याकडे यायचा असतो. आपले खरे बारा वाजायला अजून वीस-पंचवीस मिनिटं आहेत. ते किंचित हसले. त्या वेळी रोज मी डबा उघडून सावलीत बसलेलो असतो, म्हणाले. मग परत न जाता पत्र्याखाली मुलांच्या शेजारी मांडी घालून बसले.

एवढ्यात ढग आला. मे संपताना वळवाचे ढग येतातच, पण त्यानं नेमकी तीच वेळ साधावी याचा मला असा काही संताप आला, की मी आभाळाकडे बघून वर्गात दंगा करणाऱ्याला द्यावा तसा दम दिला. मुलं हसली. ही दुपार हुकली तर मला शाळेत दुसरी मिळणार नव्हती, आणि तिला तिच्या प्रश्नाचं उत्तर कोण देणार होतं? ढग हळूहळू, अगदी सरकारी कागदाच्या चालीनं, पूर्वेकडे सरकला आणि ऊन पुन्हा पडलं.

आम्ही सगळे पाइपभोवती वाकलो. पांढऱ्या कागदावर आधी एका कडेला उजेडाची फाक दिसली, नख कापून टाकावं एवढी. ती फुगली. अर्धी भाकरी झाली, पाऊण झाली. पाइपबाहेरची सावली आत ओढून घेतल्यासारखी आखडत गेली. आणि मग कागदावर संपूर्ण गोल उजळला, आणि बाहेर कुठंही, कुठल्याच बाजूला, काहीही नव्हतं. पाइप नुसता उभा होता. काढलेलं चित्र वाटावं असा.

जे मी फळ्यावर खडूनं सांगितलं होतं ते खरं होतं, आणि ते इतकं मोठं असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं. एवढा प्रचंड सूर्य, इतक्या लांब, आणि तो आमच्या शाळेच्या गच्चीवरच्या पाइपमधून नेमका आरपार बघत होता. मुलं उन्हात ताठ उभी राहून आपापल्या पायांशी बघायला लागली. सावल्या बुटांपाशी गोळा होऊन बसल्या होत्या. मिस्तरींनी रुमाल सोडला, उघड्या डोक्यानं पाइपभोवती एक पूर्ण फेरी मारली, आणि ओळंबा पुन्हा एकदा लावून पाहिला. पाइप सरळच होता.

तेवढ्यात फोन वाजला. मी तो सगळ्यांना ऐकू जाईल असा धरला. पलीकडून बहिणीचा दमलेला आवाज आला. "गई वं, बठ्ठी सावली गई. आठे काहीच नही शे."

आणि इथं, आमच्या पाइपच्या पायथ्याशी, पूर्वेच्या बाजूला सावलीची बारीक कड परत आली होती. जळगावची दुपार निघून धुळ्याला पोचली होती. पायाखालची जमीन फिरते हे मला माहीत होतं. ती फिरताना मी पहिल्यांदाच ऐकली.

"धुळ्यानंतर कुठं?" मिस्तरींनी विचारलं. प्रश्न माझ्याकडे बघून होता, पण उत्तर मुलीनं दिलं. नंदुरबार, मग सुरत. त्यांचा धाकटा भाऊ सुरतेला लूमवर कामाला आहे. त्यांनी खिशातून फोन काढला आणि किती वेळानं लावू, असं तिला विचारलं. तिनं बोटांवर हिशोब केला. एका रेखांशाला चार मिनिटं, तो भूगोलाच्या पुस्तकातला नियम, तिनं कुठंही न अडखळता आपल्या चाचाच्या गावाला लावला.

"अजून सात-आठ मिनिटं थांबा, अब्बा."

ते थांबले. आम्ही सगळेच थांबलो. पत्र्याखाली जायचं कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. तिनं मान हलवल्यावर त्यांनी फोन लावला, भावाला कारखान्याबाहेर उन्हात उभं राहायला सांगितलं आणि म्हणाले, "साया देख." पलीकडे यंत्रांची घरघर मागं पडली, दार लोटल्याचा आवाज आला.

"नहीं है, भाई," पलीकडचा आवाज म्हणाला. मग त्यानं विचारलं, "कहाँ गया?"

मिस्तरींनी फोन मुलीच्या हातात दिला. तिनं आधी ओढणी सारखी केली आणि चाचाला सांगायला सुरुवात केली. मी बाजूला झाले. आमच्या सावल्या एव्हाना पूर्वेकडे चार बोटं बाहेर आल्या होत्या.